कोरं अंग

मलप्पानं पुडकं परत दिलं तेव्हा महामायाला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचं सामान आपल्या हातात कोंबतोय. नांदेडच्या बसस्टँडबाहेर लातूरच्या ट्रॅव्हल्स लागतात तिथं ती दर महिन्याला स्कूटी उभी करायची, ड्रायव्हरच्या खिडकीतून आईच्या गोळ्यांचं पुडकं आत द्यायची आणि निघून जायची. लातूरला गोळ्या मिळत नव्हत्या अशातला भाग नव्हता. कोरोनाच्या वर्षी सांध्यांची काही औषधं बाजारातून एकाएकी गायब झाली होती, तेव्हा तिनं ओळखीच्या दुकानातून ती मिळवली आणि मलप्पाच्या हवाली केली. ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर मलप्पा उदगीरचा, तोंडात एक कानडी शब्द आणि एक मराठी, पण माणूस चोख. टंचाई संपली तरी ही रीत तशीच राहिली. लेकीनं पाठवलेली गोळी जास्त लागू पडते, असं आईचं म्हणणं होतं आणि महामायानं स्वतः संशोधक असूनही ते कधी खोडून काढलं नव्हतं. आज ती नवं पुडकं द्यायला आली तर मलप्पानं मागच्याच महिन्याचं काढून समोर धरलं. दोरासुद्धा सोडलेला नव्हता.

"बाईनं घेतलंच न्हाई ताई. म्हणल्या, घरात ढीग पडलाय, पोरीला वापस दे. आन् काळजी करू नको म्हणल्या. सगळं ठरल्यावाणी चालू हाय."

"काय ठरल्यावाणी?"

"ते मला काय ठाऊक? तुमा मायलेकीचं तुमाला ठाऊक." त्यानं हॉर्न दिला आणि गाडी काढली.

दोन्ही पुडकी डिकीत टाकून ती पुलाकडे निघाली. गोदावरीवर अजून धुकं होतं आणि थंडीनं बोटं हँडलला चिकटल्यासारखी झाली होती. महामायाला स्वतःवर शंका घ्यायची सवय नव्हती. ही काही नाक वर करून चालणाऱ्यांची गुर्मी नव्हती. तिचे हिशेब बहुतेक वेळा बरोबर येत आले होते आणि ज्याचे हिशेब बरोबर येतात तो माणूस किती दिवस नम्रतेचं नाटक करणार? त्याच सवयीनं तिनं आताही हिशेब मांडला. आई आजारी असती तर तिनं गोळ्या जास्त मागवल्या असत्या. परत केल्या म्हणजे तिला बरं वाटतंय. बरं वाटलं की माणसं गोळ्या टाळतात, आई तर काटकसरी. जरा रागवावं लागेल, बस. हिशेब सुटला तरी ते 'ठरल्यावाणी' चपलेत शिरलेल्या खड्यासारखं टोचत राहिलं. आपण काय ठरवलं होतं? फोन करावा म्हणून तिनं पुलाच्या टोकाला गाडी थांबवलीही, पण आज आकडे यायचे होते, आणि आकडे यायच्या दिवशी ती आधी प्रयोगशाळेत जायची, मग बाकीचं जग.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं होतं. रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर एक रिसेप्टर असतो, म्हणजे ओळख पटवणारा रेणू. जंतूच्या सालीचा कण त्याला लागला की पेशी बोंब ठोकते आणि त्या बोंबेवर सगळी फौज धावून येते. सूज, ताप, ठणका, सगळा त्या फौजेचा कारभार. काही माणसांत मात्र जंतू नसतानाही ही बोंब चालूच राहते आणि फौज आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. महामायाचं म्हणणं, तो रिसेप्टर ज्या जनुकावरून घडतो त्यालाच गप्प करावं. त्यासाठी एक छोटासा निरोप पेशीच्या आत पोचवायला हवा, आणि पेशीत शिरण्यात विषाणूइतकं पटाईत कोण आहे? तेव्हा विषाणू घ्यायचा, त्याचं रोग करणारं सामान काढून टाकायचं, वाढायची ताकद काढून घ्यायची आणि रिकाम्या झालेल्या पोटात आपला निरोप भरायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं. पण कधी विषाणू कमी पडतात, कधी पेशी मरतात, कधी ऐन उन्हाळ्यात वीज जाते आणि जनरेटर सुरू होईपर्यंत सगळ्यांचे श्वास अडकतात. तिनं मात्र हे सगळं नांदेडात उभं केलं होतं. पुण्याच्या एका बैठकीत कुणीतरी हसून विचारलं होतं, "नांदेडात? एवढं?" ती म्हणाली होती, "पेशींना गाव कळत नाही सर." त्यानंतर त्या बैठकीत तिला कुणी काही विचारलं नाही, आणि ही आठवण तिला आजही चहाच्या पहिल्या घोटासारखी आवडायची.

तनुजा, तिची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, यंत्रासमोर उभीच होती. थाळीच्या एका भागात निरोपवाल्या विषाणूच्या पेशी होत्या, दुसऱ्या भागात अर्थ नसलेला निरोप भरलेल्या विषाणूच्या, तिसऱ्यात विषाणूच न दिलेल्या. तिन्हींना जंतूची साल चाखवलेली होती. आकडे पडद्यावर उतरू लागले. विषाणू न दिलेल्या पेशींनी बोंब ठोकली होती. अर्थहीन निरोपवाल्यांनीही तितकीच ठोकली होती. आणि महामायाच्या पेशी गप्प होत्या. मेलेल्या नव्हत्या, धडधाकट होत्या, नुसत्या गप्प. तनुजानं तोंडावर हात ठेवला. "मॅडम, तिसऱ्या वेळी पण तेच!" महामाया हसली, तिच्या खांद्यावर थाप मारली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. छातीत काहीतरी मोठं, ऐसपैस पसरलं. हे आपण केलं. चाकूरजवळच्या एका वस्तीतल्या रविकांतच्या पोरीनं केलं. वडील असते तर पेढे आणायला धावले नसते, ते म्हणाले असते, पुन्हा एकदा करून बघ. पण रात्रभर झोपले नसते. तिला वाटलं, ही गोष्ट आईला आत्ता सांगावी, आणि गोळ्यांचंही विचारून टाकावं.

आईनं फोन उचलायला बराच वेळ लावला. महामायानं आधी आकड्यांचं सांगितलं. आई इतकी खूश झाली की तिचा आवाज फाटला. "म्हणजे आलंच म्हणायचं की गं जवळ! मी तयार हाव. कवा येऊ सांग."

"कुठं कवा येऊ? आई, गोळ्या का परत केल्यास?"

"कामून म्हणजे? तूच सांगितलं की. भर विहारात, माईकवर. वर्षावास सुरू व्हता." आई समजावून सांगायच्या सुरात म्हणाली, "अंगात दुसरं औषध असलं की पेशी खरं सांगत न्हाईत. कोऱ्या रक्ताचं माणूस लागतं. म्हणलीस का न्हाई? मंग मी त्याच दिवसापासून गोळ्या बंद केल्या. अंग कोरं करून ठेवलंय. ऐन टायमाला तुझा खोळंबा नको."

तनुजा मागं टाळ्या वाजवत कुणाला तरी हाक मारत होती. "दुखतं का?" एवढंच तिनं विचारलं. "दुखंल न्हाई तं काय? पण काही दिवसाचं हाय," आई म्हणाली. महामायानं सांगितलं, मी येतेय, आजच.

दुपारची बस लोह्याच्या रस्त्याला लागली तेव्हा तिला ते व्याख्यान शब्द न् शब्द आठवत होतं, आणि वाईट हे की ते उत्तम झालं होतं. लातूरच्या विहारात वर्षावासाच्या पावसाळी महिन्यांत दुपारी बायका जमतात, धम्मग्रंथाचं वाचन होतं, पाळीपाळीनं एकेक जण वाचतं. आई तिथंच मोठ्या वयात नीट वाचायला शिकली. अक्षरांवरून बोट फिरवत, ओठ हलवत. तिथं महामायाचा सत्कार ठेवला होता. शाल, गुलाबाचं फूल, मग दोन शब्द. तिनं दोन शब्दांवर भागवलं नव्हतं. विषाणूचं रिकामं पोट, गप्प बसवलेलं जनुक, अर्थहीन निरोपाची तुलना, सगळं तिनं घरच्या भाषेत उलगडलं होतं. एकीनं विचारलं, रक्त कुणाचं घेता? ती म्हणाली होती, जे लोक आपणहून देतात त्यांचं. पण आधी विचारतो, तुम्ही कुठल्या गोळ्या घेता का? घेत असाल तर नको. औषध अंगात असलं की पेशी खरं सांगत नाहीत. बायकांनी माना डोलावल्या होत्या. पहिल्या रांगेत बसलेल्या आईनं सगळ्यांत आधी डोलावली होती. महामायाला तेव्हा वाटलं होतं, सगळ्यांना कळलं. आणि कळलंच होतं की! न कळलेल्या माणसाच्या हातून असली चूक होऊच शकत नाही. देवळात अंगारा मिळाला असता तर आईनं त्यासाठी एक गोळी चुकवली नसती. गंडेदोरे तिच्या सासूनंच घराबाहेर काढले होते. आईनं गोळ्या सोडल्या त्या भक्तीनं नाही, युक्तिवाद पटला म्हणून सोडल्या. वडिलांनी घराला हेच वळण लावलं होतं. वंदना झाली की विचारायचे, आज काय पटलं? पटलं असेल तर करा. नुसतं हात जोडून बसू नका.

अहमदपूरला बस थांबली. चहावाल्याचा आवाज, शेंगदाण्याचा वास, कुणाच्या तरी पिशवीतल्या हिरव्या हरभऱ्याचा वास. महामायाच्या मनात एक विचार आला आणि तिनं त्याला हाकललं नाही, कारण विचारांना हाकलणं तिला पटत नसे. प्रयोगशाळेच्या शीतपेटीत त्या विषाणूच्या नळ्या होत्या. कुपी काढायची, गुडघ्यात सुई घालायची. आई तयार आहे. लेक तयार आहे का? नाही, तिनं स्वतःला स्पष्ट सांगितलं, आणि त्यात तिला क्षणभरही चाचपडावं लागलं नाही. विषाणू जनुकांच्या माळेत कुठं जाऊन बसेल याचा भरवसा नाही, भलत्या ठिकाणी बसला तर पेशी बेफाम वाढतील. आणि गप्प केलेली पेशी खरा जंतू आला तरी गप्पच बसेल. थाळीत हे यश असतं, माणसात तो मृत्यू असू शकतो. आधी उंदीर, मग परवानग्या, मग कितीतरी माणसं, कितीतरी हात. काम होणार होतं, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. आपल्याच हातून होईल असंही नाही, कुणीतरी पुढं नेईल. फक्त औषध येईल तेव्हा आई असणार नव्हती. हे तिला आधीपासून माहीत होतं, अगदी पहिल्या दिवसापासून. मग आईला कधी सांगितलं का नाही? कारण आईनं कधी विचारलं नव्हतं. आणि मुळात, आई या कामाकडे आपल्या गुडघ्यांतून बघत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चाकूर गेलं. रस्त्याच्या कडेनं तूर काळपट पिवळी होऊन उभी होती, उसाचे ट्रॅक्टर कूर्मगतीनं पुढं सरकत होते. तिच्या मांडीवर ती दोन पुडकी होती आणि ती त्यांच्या दोऱ्याची गाठ नखानं उगाच उकरत राहिली.

दार उघडताना कडीचा आवाज चुकीचा आला. बोटांनी सरकवलेल्या कडीचा तो आवाज नव्हता. आईनं ती मनगटानं ढकलली होती. पार्वतीबाई, म्हणजे आई, दारात उभ्या होत्या, हसत, केस नीट विंचरलेले, पांढरं पातळ. चेहरा ताजा होता आणि पाय फुगलेले. महामाया आत आली, तिनं आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि दिव्याखाली नेले. हे हात तिला पाठ होते. डाळमिलमध्ये तूरडाळ निवडणारे हात. डाळीतला खडा डोळ्याला दिसायच्या आधी त्या बोटांना सापडायचा. आता बोटांची मुळं सुजून लाल झाली होती आणि उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला झुकली होती. महामायानं ती हळूच सरळ करायचा प्रयत्न केला. आईनं दात दाबून श्वास घेतला. करंगळी सरळ झाली नाही. अशा करंगळ्यांची चित्रं तिनं कितीतरी पाहिली होती, कुठल्या पायरीवरून माघारी येता येतं आणि कुठल्या पायरीवरून येता येत नाही, तेही तिला माहीत होतं.

"बघ," आई म्हणाली, "अगदी कोरं. वर्षावासापासून एक गोळी न्हाई. आता बोल, कवा सुई टोचतीस?"

महामाया तिला खुर्चीवर बसवून स्वतः खाली बसली. गोल गोल बोलायचं तिला जमतही नव्हतं आणि आवडतही नव्हतं. "आई, ती सुई नाहीये. मी जे करतेय ते अजून थाळीतच आहे. माणसाला द्यायचं नाही. तुला तर मुळीच द्यायचं नाही, त्यानं तुझा जीव जाऊ शकतो. औषध होईल, पण फार वर्षांनी."

"किती?"

"बहुतेक तू असेपर्यंत नाही."

आई तिच्याकडे पाहत राहिली. "मंग कोऱ्या माणसाचं जे म्हणलीस..."

"ते रक्त देणाऱ्यांचं होतं. औषध घेणाऱ्यांचं नव्हतं. तू बरोबर ऐकलंस, पण ते तुझ्यासाठी नव्हतं. मी सांगायला हवं होतं, आजारी माणसानं गोळी सोडायची नाही म्हणून. माझ्या लक्षात आलं नाही."

"आन् हे?" आईनं करंगळी वर केली.

"ही आता सरळ व्हायची नाही." महामायाचा आवाज स्थिर होता, डोळे नव्हते. "बाकीची वाचवता येतील. उद्या दवाखान्यात जाऊ, रक्त तपासू, डॉक्टर म्हणतील तशा गोळ्या पुन्हा सुरू करू."

आई रागावेल असं तिला वाटलं होतं, आणि रागावली असती तर बरं झालं असतं. आई रागावली नाही. करंगळीकडे पाहून "असू दे, म्हातारीच्या करंगळीला काय करायचंय," असं काहीतरी पुटपुटली आणि मग एकदम तिचा चेहरा उतरला. इतका, की महामाया उठून उभी राहिली. "काय झालं? कुठं दुखतंय?"

"धोंडाबाई," आई म्हणाली. "मी तिला बी सोडायला लावल्या."

धोंडाबाई समोरच्या घरातली. शेतकऱ्याच्या घरची, उमरीकडच्या खेड्यात अजून जमीन होती, मुलाच्या नोकरीपायी लातूरला आलेली. महामाया शाळेत होती तेव्हा या वसाहतीत घरं नुकतीच झाली होती आणि गल्लीत कोण कोणाचं हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. धोंडाबाई वाईट बोलायची नाही. गोड बोलायची. फक्त आईनं दिलेलं शिजवलेलं काही घ्यायची नाही. आज उपास आहे, आज पोट बरं नाही, आज आत्ताच जेवले. आई मिलमधून आणलेली निवडलेली डाळ द्यायची, ती मात्र धोंडाबाई घ्यायची, कारण ती कच्ची असायची. छोट्या महामायाला हा हिशेब कळला तेव्हा ती चिडून म्हणाली होती, कशाला देतेस तिला? आई म्हणाली होती, डाळ चांगली हाय म्हणून. वर्षं गेली. दोघींचे नवरे गेले, दोघींचे सांधे धरले, डॉक्टर एकच निघाला आणि त्याच्या बाकावर त्या शेजारी शेजारी बसू लागल्या. मग एका दुपारी दवाखान्यातून येताना धोंडाबाई सरळ आईच्या मागं घरात शिरली आणि म्हणाली, भूक लागली, काय हाय? आणि वरणभात जेवली. त्या संध्याकाळी आईचा फोन आला होता. महामायाला पीएच.डी. मिळाली तेव्हासुद्धा आई इतकं बोलली नव्हती. "दोनदा वाढून घेतलं बघ वरण!" महामायाला तेव्हा आईचा राग आला होता, एवढ्याचं काय कौतुक, आणि रागाखाली रडूही आलं होतं. आता तिला नीट कळलं, आईनं तीन महिने काय सांभाळलं होतं. लेकीचं नवं औषध येणार, पहिल्यांदा आपल्याला, मग लगेच धोंडाबाईला. आईजवळ द्यायला पहिल्यांदाच डाळीहून मोठं काहीतरी होतं.

"तिनं ऐकलं तुझं?"

"एका शब्दात. हाव म्हणली." आई पदर सावरत उठू लागली. "तिला माझ्यापरीस त्रास कमी हाय. अंगच दणकट तिचं, शेतातलं. पण तिचं बी बोट असंच झालं तं? मी काय तोंड दाखवू?"

"मी सांगते तिला. तू बस. समजावून सांगणं माझं काम आहे."

"तुझं न्हाई. तू मला सांगितलंस, तिला मी सांगितलं. शब्द माझा व्हता." आणि महामायाला हात लावू न देता, खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून त्या उठल्या आणि फुगलेली पावलं उचलत गल्ली ओलांडू लागल्या. महामाया मागून चालली. सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी असताना छातीत जे ऐसपैस पसरलं होतं ते आता आईच्या पाठीकडे बघताना पुन्हा आलं. स्वतःबद्दल नव्हे, या बाईबद्दल. चुकलं म्हणून कबूल करायला ही बाई दुखत्या पायानं निघाली होती, दिवेलागणीला, सगळ्या गल्लीसमोर.

धोंडाबाई पायरीवर बसली होती. डोक्यावर बल्ब, मांडीवर सूप, सुपात मेथी. ती पानं खुडत होती, काडी डावीकडे, पानं उजवीकडे, खटाखट, न बघता. महामाया जागीच थांबली. तिची नजर त्या बोटांवर गेली आणि पुढचं सगळं तिला कळलं, कुणी काही बोलायच्या आधी. आईचा हात धरून मागं फिरवावं असं तिला वाटलं. पण पार्वतीबाई पायरीशी पोचल्या होत्या आणि बोलायला लागल्या होत्या, उभ्यानंच, धापा टाकत. "धोंडाबाई, माझं चुकलं. ते औषध येत न्हाई. आपल्याला तं येतच न्हाई. लेक आलीय, तिनं सांगितलं. तू उद्यापासून गोळ्या सुरू कर. माझ्यापायी तुझं नुकसान झालं, मला माफ कर."

मेथीवरची बोटं थांबली. धोंडाबाईनं आधी आईकडे पाहिलं, मग महामायाकडे, आणि ती कसनुशी हसली. "अगं, मी कुठं सोडल्या?"

"म्हणजे?"

"सून देती ना आठवड्याची गोळी दर रविवारी हातावर. मी घेऊनच राहिले." तिनं सुपातली एक काडी उचलून उगाच बाजूला टाकली. "तू इतकं समजावून सांगून राहिली व्हतीस. म्हणलं, हाव म्हणावं. तुझं मन कामून मोडायचं?"

एक हात सुपावर होता, सुरकुतलेला, पण बोटं सरळ. दुसरा हात आईनं बोलता बोलता पुढं केलेला, करंगळी बाहेर कललेली. दोघी एकाच वयाच्या, रोग एक, डॉक्टर एक, गल्ली एक. एकीनं गोळ्या घेतल्या, एकीनं सोडल्या. महामायाच्या डोक्यात तो तक्ता आपोआप मांडला गेला, इतका स्वच्छ की अशी जोडी आयुष्यभर शोधून मिळाली नसती, आणि तिला स्वतःच्या डोक्याची किळस आली. तिला धोंडाबाईचा संताप आला. ती शहाणपणानं वागली होती, आईचं मन राखून वागली होती, तिचे हात शाबूत होते याचा आनंद व्हायला हवा होता. हे सगळं कळूनही तो संताप जाईना.

"बरं केलंस," पार्वतीबाई म्हणाल्या. ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. छातीवरचं ओझं उतरल्याचा श्वासही त्यात होता. मग त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला आणि पदराखाली नेला. पायरीला टेकून त्या हळूहळू धोंडाबाईच्या शेजारी बसल्या. धोंडाबाईनं पुन्हा पानं खुडायला घेतली, पण आता हळू, एकेक.

"उद्या दवाखान्यात जायचंय मला," थोड्या वेळानं पार्वतीबाई म्हणाल्या. "तू येशील का संगं?"

"हाव," धोंडाबाई लगेच म्हणाली.

आणि पार्वतीबाईंनी मान वळवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.